ओळखणारा माणूस पाठव

मृणालिनीआत्यांचा राग अख्ख्या अमरावतीला ठाऊक होता. मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. त्यांनी डोळे वटारले की फळ्यावरचे मोगल सरदार सनावळ्यांसकट पुसले जायचे आणि शेजारच्या वर्गातली अडलेली गणितं आपोआप सुटायची. खोटं वाटत असेल तर त्या वर्गातल्या पोरींना विचारा. आज्या झाल्यात, पण अजून दचकून उठतात.

तो राग घेऊन आत्या ऑक्टोबरातल्या एका सकाळी डब्लिनला उतरल्या. विमानतळावरच्या माणसाने येण्याचं कारण विचारलं. आत्यांनी त्याला मुराळी म्हणजे काय ते समजावलं. सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो जातो तो मुराळी. लेक देऊन विसरलो नाही, हे सासरला कळावं म्हणून तो जातो. माणसाने मुकाट शिक्का मारला. मागच्या रांगेतल्या दोघांनाही त्याने काही न विचारता सोडलं म्हणतात.

लेक म्हणजे त्यांची भाची, भाऊ गुरुनाथची मुलगी सुरुची. तीन वर्षांपूर्वी ती लग्न करून डब्लिनच्या ओंगार उपनगरात आली. नवरा अनीश शहरातल्याच चेरीवूड भागातल्या एका कंपनीत, घरात सासू मेधाताई. मार्चपासून सुरुचीचा फोन नव्हता, नंबरही बंद. अनीशचा तेवढा मेसेज यायचा, ‘बिझी आहे, ग्रँड आहे.’ ग्रँड म्हणजे तिकडच्या बोलीत मजेत. आत्यांनी भावाच्या मागे लकडा लावला, तेव्हा गणपतीत गुरुनाथने आपल्या मित्राच्या मुलाला, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या गॉलवे शहरातल्या डॉक्टर अभिजितला, ओंगारला पाठवलं.

अभिजितने सुरुचीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याला मोदक मिळाले आणि सोफ्याच्या टोकाला पैठणी नेसून बसलेली एक बाई दाखवण्यात आली. “ही आमची सुरुची.” बाई चकार शब्द बोलली नाही. अभिजितने फोटो काढला, सात मोदक खाल्ले आणि कळवलं, सगळं छान आहे.

फोटो बघून गुरुनाथ म्हणाला, “अंगाने भरली पोरगी.”

“अंगाने भरली की नाक बदलतं का रे?” म्हणत आत्यांनी तिकीट काढलं.

आता तोच अभिजित गाडी चालवत होता आणि आरशात बघायची हिंमत करत नव्हता.

दार मेधाताईंनी उघडलं. “अय्या, आत्याबाई! न कळवता? बसा ना, चहा टाकते.”

“चहा राहू द्या. सुरुचीला बोलवा.”

“तिचं डोकं दुखतंय हो. वर झोपलीय.”

अनीश लॅपटॉप बंद करत बाहेर आला. “आत्या, रिलॅक्स. अभिजित भेटून गेला की तिला.”

“हो का?” आत्या खुर्चीवर नाही, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. “एक गोष्ट सांगते, जावईबापू. साडेतीन हजार वर्षं झाली. बाबिलोनच्या राजाची बहीण मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाला दिली होती. जनानखान्यात देशोदेशीच्या राजकन्या, त्यातली ही एक. पुढे मिसरचा राजा बाबिलोनच्या राजाची मुलगीही मागायला लागला. तेव्हा भावाने विचारलं, माझी बहीण जिवंत आहे की मेली? माझ्या दूतांनी तिला पाहिलेली नाही. तुम्ही एक बाई त्यांच्यापुढे उभी केलीत, ती तोंडातून शब्द काढेना. कुण्या गरिबाची पोर असेल, कुणास ठाऊक!”

“मग?” मेधाताईंच्या तोंडून निघून गेलं.

“मग मिसरच्या राजाने मातीच्या विटेवर पत्र लिहिलं. तिला ओळखणारा माणूस तू पाठवलास कधी? तुझा एक दूत तर गाढवं हाकणारा होता.”

अभिजित बुटांकडे बघत राहिला.

“मी ओळखते,” आत्या म्हणाल्या. “आणा खाली.”

खाली आली ती फोटोतली बाई. जीन्स घातलेली, हातात दुधाचा कप. “काकू, पुरे झालं आता,” ती मेधाताईंना म्हणाली. मग आत्यांकडे वळली. “मी केतकी. वरच्या खोलीत भाड्याने राहते. पाच मिनिटं बस, बोलू नकोस, असं सांगितलं होतं मला. घरची थट्टा आहे म्हणाले. सुरुची मार्चमध्येच घर सोडून गेली. गॉलवेला एका वृद्धाश्रमात काम करते.”

“का गेली?” आत्यांनी अनीशला विचारलं.

“आमचं आपसातलं आहे ते.”

“हा तिचं सगळं सामान तपासायचा,” केतकी म्हणाली. “फोन, पर्स, कपाट. रोज ऑफिसातून आला की.”

जिन्याचा कठडा आत्यांच्या मुठीत करकरला. ओंगारमधली सगळी कुत्री एकदम गप्प झाली.

“सात महिने एका बापाला फसवलंत?”

आणि अनीश हसला. “फसवलं? आत्या, बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने आधी त्यांनाच फोन केला होता. राजीवला आमच्या कंपनीत मीच चिकटवतोय ना! पुढच्या महिन्यात येतोय तो. तोवर वाच्यता नको, हे त्यांचंच म्हणणं.”

राजीव म्हणजे सुरुचीचा धाकटा भाऊ.

आत्या उठल्या. डब्लिनमध्ये सुरुचीला ओळखणारी चार घरं होती. तिची वर्गमैत्रीण रेवती तर इथून दहा मिनिटांवर. त्या सगळ्यांना सोडून गुरुनाथने गॉलवेहून माणूस धाडला होता, तिला कधीच न पाहिलेला. त्या विटेवर आणखी एक टोमणा होता. शेजाऱ्याकडून काहीतरी पदरात पडावं म्हणून तुम्ही लेकी देता! वर्गात वाचून दाखवताना आत्या तो हसून सांगायच्या.

केतकीने पत्ता दिला. गॉलवेपर्यंतच्या अडीच तासांत अभिजितच्या गाडीची काच आतून तापली होती.

सुरुची निळ्या गणवेशात मागच्या दाराशी आली. बारीक झाली होती. आत्यांना बघून ती रडली नाही. “वीस मिनिटांची सुट्टी आहे माझी,” ती म्हणाली. “परत जा म्हणायला आलीस?”

“मी? मी काऊन म्हणीन?”

“बाबा म्हणाले, आत्याचंही हेच म्हणणं आहे. संसार मोडू नको म्हणाली.”

“आणि तू मानलंस?”

“तू आलीस का? अनीशचे मेसेज वाचून सात महिने गप्प बसलीस ना? तू, आत्या! पोरी उशिरा आल्या तर घरी जाऊन चौकशी करणारी तू!”

अडुसष्ट वर्षांत जे शब्द आत्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, ते आले.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “चल. दिवाळीला न्यायला आले.”

“कुठे? बाबांच्या घरी?”

आत्याही त्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत होत्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि भावाला लावला.

“गुऱ्या,” त्यांनी गर्जना केली, तोच सुरुचीने त्यांचा हात दाबला.

“हळू. आतली म्हातारी माणसं झोपलीयेत.”

आत्यांनी आवाज खाली आणला, आयुष्यात पहिल्यांदा. “गुरुनाथ, पोरगी सापडली. तू काय केलंस तेही सापडलं. माझं सामान वरच्या खोलीतून मीच येऊन हलवीन. तोवर माझ्या कुलपाला हात लावलास तर बघ.”

पलीकडून गुरुनाथ म्हणाला, “अगं, राजीवचं एकदा होऊ दे…”

सुरुचीने फोन घेतला. “राजीवला मी स्वतः सांगते, बाबा. सगळं. मग त्याला यायचं तर येऊ दे.” तिने फोन बंद करून आत्यांच्या हातात दिला. “अकरा मिनिटं उरलीत. बस इथे, मी सांगते काय झालं ते. मध्ये बोलू नकोस.”

आत्या पायरीवर बसल्या.