उघड्या तांब्यातला माणूस

उष्णता दाखवणारा कॅमेरा धरायला मला दादानं शिकवलं, आणि त्याच कॅमेऱ्यानं त्यानं माझा केसानं गळा कापला. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं. हा तर सख्खा थोरला भाऊ, एकाच कारखान्यातला, माझा वरिष्ठ.

पहिला धडा त्याचाच होता. "चकचकीत तांब्यावर भुलू नकोस. ते स्वतःचं तापमान सांगत नाही, समोर उभ्या असलेल्याचं सांगतं." खडबडीत पृष्ठभाग अंगावर आलेली उष्णता दाही दिशांना उधळून देतो, गुळगुळीत धातू ती आरशासारखी परत पाठवतो. म्हणून विजेच्या पेटीतल्या तांब्याच्या पट्टीवर आधी काळी टेप चिकटवायची, ती तांब्याइतकीच तापते आणि तेच तापमान दाखवते, मगच मोजायचं.

सोमवारी मी तसंच मोजलं. पट्ट्यांचा एक सांधा नव्वद अंशांवर होता. 'ताबडतोब बंद करा' असं अहवालात लिहून मी तो दादाकडे दिला. गुरुवारी सांधा फुटला आणि तिथं काम करणाऱ्या फिटरचे दोन्ही हात भाजले.

चौकशीत साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. छत्तीस अंश, धोका नाही, खाली माझं नाव. मी हा अहवाल लिहिलाच नव्हता. शेजारी दादा हळहळत होता, "पोर घाई करते हो. शिकवण्यात मीच कमी पडलो." इतका साळसूद, की क्षणभर मलाच माझी शंका आली.

मग मी अहवालावर छापलेला कॅमेऱ्याचा फोटो नीट पाहिला. पट्टीवर टेप नव्हती. नुसतं तांबं, आणि त्यात माणसाची उबदार आकृती. डावा खांदा चार बोटं उतरलेला. शिडीवरून पडल्यापासून दादाचा खांदा तसाच आहे.

"साहेब, हे छत्तीस अंश तांब्याचे नाहीत," मी म्हणाले. "फोटो काढणाऱ्याच्या अंगाचे आहेत. बघा, तो दिसतोय."

साहेबांनी फोटो पाहिला, मग दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

"काम बंद पडलं असतं तर माझी बढती हुकली असती," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. "तू लहान आहेस. तुला दुसरी नोकरी मिळाली असती."

म्हणजे माझ्या नोकरीवर त्यानं आधीच पाणी सोडलं होतं. मला रडू फुटलं, पण बोलल्याशिवाय राहवेना.

"आणि फिटरला, दादा? त्याला दुसरे हात कुठून मिळाले असते?"