गाळातली हाक

प्रियदर्शनीने फॉर्मलिनच्या बरणीचं झाकण उघडलं, तसा मुक्ताबाईने पदर नाकाला लावला. तिचा नवरा महिपतीतात्या मात्र काठाला लावलेल्या होडीतून हलले नाहीत.

"बघा तात्या, ही वाम मासळी. माझ्या गोष्टीतला राक्षस म्हणजे हीच. मी फक्त तिला देवळाएवढी केली आणि डोळे काढून घेतले."

दिवाळी अंकात तिची भयकथा आली होती. धरणात बुडालेल्या गावाच्या गाळात युगानुयुगं पडलेलं काहीतरी, जे पाण्याखाली राहून गेलेल्यांच्या आवाजात हाका मारतं. संपादकाने हौसेने नावाखाली 'प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, बारामती' असं छापलं आणि तिथेच घोळ झाला. कॉलेजच्या बाई लिहितात म्हणजे खरंच असणार, असं धरून तात्या उजनीच्या पाण्यात, जिथे त्यांचं जुनं गाव होतं, तिथे होडी नेऊन दिवसदिवस बसू लागले. जाळं कोरडंच. काल मुक्ताबाई इंदापूरहून एसटीने येऊन थेट स्टाफरूममध्ये रडली होती.

"परवा निम्मं अंग पाण्यात हुतं त्यांचं, बाई. एक दिस उतरतील."

तेव्हापासून प्रियदर्शनी स्वतःलाच बोल लावत होती. विद्यार्थ्यांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई, आणि तिच्याच तीन पानांवर एका माणसाचा जीव टांगलेला!

"हिचं तोंड बघा," बरणी पुढे करत ती घाईघाईने म्हणाली. "आवाज काढायला हिच्याकडे काही नाहीच."

तात्यांनी बरणीकडे नुसती नजर टाकली.

"वाम मला नगा शिकवू. हाक मारती ते खरं का खोटं, तेवढं सांगा."

"तुम्हाला ऐकू येते?"

"धा दिस झालं. आमची जयवंता. चार वर्साची हुती. वढ्याकडंला पुरली तिला. मग धरणाचं पानी आलं, आमी उठलो. ती ऱ्हायली तितंच."

प्रियदर्शनीने बरणीचं झाकण लावलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खोटं म्हणावं, तर लेक दुसऱ्यांदा जाणार. खरं म्हणावं, तर बाप.

"खोटं," ती म्हणाली. "मी रचलं सगळं."

तात्यांनी जाळं उचलून नीट केलं आणि काठाकाठाने वल्हवत निघाले. जुन्या गावाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

प्रियदर्शनीचा जीव भांड्यात पडला. मुक्ताबाईने तिचे दोन्ही हात धरून उपकार मानले. होडी पुरेशी लांब गेल्यावर मात्र तिने हळूच विचारलं,

"बाई, रागावू नगा. पर ती निस्ती बापालाच का हाक मारती? मला कशी न्हाय मारली?"