हलक्या टोपलीचं वजन

“आधी काटा शून्यावर आण, मग वजन टांग. घाई नको!” विज्ञानाच्या जुन्या सरांचा हा आवाज अजून माझ्या स्प्रिंगमध्ये घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग आणि अंगावर ग्रॅमची पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या कारागिराने मला ताणून पाहिलं, पाठीवर थोपटलं आणि खोक्यात ठेवलं. तेव्हापासून माझा एकच नेम: जे टांगाल त्याचं वजन खरं सांगायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत मी दगड मोजले, विटा मोजल्या. मुलं माझ्यासाठी भांडायची. पुढे लुकलुकत्या आकड्यांचे नवे काटे आले आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. वाईट वाटायचं. पण कुरकुर करण्याचा माझा स्वभाव नाही. तेल संपलं तरच करतो!

यंदा नव्या बाईंनी मला खाली काढलं, पुसलं, तेल घातलं. नववीच्या मुलांना पर्यावरणाचं किती कळतं, हे त्यांना पाहायचं होतं. लेखी परीक्षेत तर सगळ्यांनी गुणांची लयलूट केली.

“पेपर झकास लिहिलेत रे,” बाई म्हणाल्या. “आता आठवडाभर प्रत्येक तुकडीची कचऱ्याची टोपली या काट्याला टांगायची. ज्यांचा कचरा सगळ्यात कमी, ते तळ्यावर पाखरं बघायला!”

एका तुकडीची मॉनिटर सगळ्यांना इतकी दटावायची, की तिला ‘छोट्या बाई’च म्हणत. तळ्याचं नाव ऐकून तिची झोप उडाली. तिच्या तुकडीची टोपली रोज पिसासारखी हलकी! मी इमानाने हलकं वजन दाखवत होतो. बाई शाबासकी देत होत्या.

शेवटच्या दिवशी व्हरांड्यात मोजणी चालू असताना जोराचा वारा सुटला. मागच्या कुंपणाकडून कागदांचे बोळेच बोळे उडत आले. एक नेमका बाईंच्या टेबलावर पडला. त्यांनी तो उलगडून मोठ्याने वाचला, “कचरा उघड्यावर टाकू नये.” मग हसू दाबत म्हणाल्या, “उत्तर बरोबर आहे. पूर्ण गुण! फक्त हे आलं कुठून?”

छोट्या बाई पुढे सरकली.

“अगं, गप्प बस ना! तळं जाईल!” मागून कुणीतरी तिची वेणी ओढली.

“जाऊ दे.” तिने वेणी सोडवून घेतली. “बाई, आम्ही खिडकीतून फेकायचो. टोपली हलकी राहावी म्हणून. उद्या सकाळी कुंपणामागचं सगळं गोळा करून आणते. ते आमच्या वजनात धरा.”

“मग तळ्यावर दुसरी तुकडी जाईल, बाळा.”

“हो, बाई.”

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “पेपरात हा प्रश्न घालायला मी विसरलेच होते बघ.”

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आणि खिडकीबाहेरचं अंगणही आपलंच समजा. मला तिथलं दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

आज शाळा भरायला अजून अवकाश आहे. व्हरांडा रिकामा आहे. छोट्या बाई एकटीच आली. तिने दप्तर भिंतीला टेकवलं, बाह्या वर सारल्या, रिकामी टोपली कडेवर घेतली आणि कुणालाही हाक न मारता कुंपणाकडे चालू लागली.