पाचवा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सभेच्या वेळी खांबाला बांधतात तो, पत्र्याचा, मोठ्या तोंडाचा. सध्या माझ्या तोंडात दोऱ्याची रिळे, बटणे आणि कापडाच्या चिंध्या भरलेल्या आहेत. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांची बडबड ओकल्यावर तोंडात चिंध्या असण्याचे सुख काय असते, ते तुम्हाला कळायचे नाही.

एका कारखान्यात पत्रा साच्यावर ठोकून मला घडवले आणि करडा रंग फासला. मला विकत घेतले हॅलोमामाने. तो सभा-समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. माईक हातात आला की 'हॅलो, हॅलो' म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून लोकांनी त्याचे तेच नाव पाडले. आम्ही पाच भोंगे होतो. तो आम्हाला फडक्याने पुसायचा, पावसात आमच्यावर गोणपाट टाकायचा. "लोक बिथरले की आधी भोंगे फोडतात," असे तो म्हणे. म्हणून त्याची एक रीतच होती. गडबडीचा वास आला की सगळ्यांत लांबचा भोंगा आधी उतरवायचा. हा लांबचा भोंगा बहुतेक वेळा मीच असायचो.

भाषणे, लग्ने, हरवलेल्या मुलांची वर्णने, निवडणुकीतली आश्वासने, सगळे माझ्या तोंडून गेले. "काय खणखणीत आवाज आहे!" असे कुणी म्हटले की मी फुशारून जायचो. बोलविता धनी वेगळाच असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात येत नसे.

मग एका नेत्याची ती सभा आली. चौक लांबट होता. एका टोकाला मंच आणि थेट दुसऱ्या टोकाला एका शिंप्याचे घर. खाली दुकान, वर शिलाई मशीनची खोली. पोलिसांनी चारच भोंग्यांची परवानगी दिली होती. ते चौघे मंचाच्या दोन बाजूंना लागले. पण मागची म्हातारी माणसे कुरकुरू लागली, की आम्हाला नुसते नेत्याचे हातवारेच बघायचे का? तेव्हा हॅलोमामा मला काखेत मारून शिंप्याकडे गेला.

"दादा, तुमच्या खिडकीवर एक टांगू का? परवानगी नाहीये, पण कोण मोजतंय?"

"टांगा की. मलाही मशीनवर बसल्या बसल्या ऐकू येईल."

शिंप्याने स्वतःची हातोडी दिली. खिडकीच्या चौकटीवर लोखंडी आकडा ठोकून मला लटकवले.

नेता बोलायला उभा राहिला. लोकांचा फार लाडका होता तो. त्याचे वाक्य माझ्या तोंडात अर्धेच आले असेल, तेवढ्यात मंचाच्या पायऱ्यांवरून एका माणसाने पिस्तूल झाडले. एकच गोळी. ती नेत्याच्या छातीत गेली आणि तिचा आवाज माईकमध्ये गेला. मित्रांनो, जे येईल ते मोठ्याने सांगणे एवढेच मला येते. मी ती गोळीही तशीच सांगितली.

आता नीट ऐका, कारण सगळा अनर्थ इथेच झाला. तारेतून आवाज पापणी लवायच्या आत पोचतो. हवेतून तो रमतगमत येतो. त्यामुळे माझ्या खाली उभ्या असलेल्यांना आधी डोक्यावर, शिंप्याच्या खिडकीत धाड ऐकू आली आणि मग मंचाकडून. मंचाजवळच्यांना आधी मंचावर ऐकू आली आणि मग लांबून, खिडकीकडून. गोळी एकच होती, पण अर्ध्या चौकाने एक सांगितले आणि अर्ध्या चौकाने त्याच्या उलट. खोटे कुणीच बोलत नव्हते.

मारेकऱ्याला पहारेकऱ्यांनी लाठ्यांनी जागीच ठार केले, म्हणून त्याला विचारणे संपले. चौकात पळापळ झाली. हॅलोमामाने रीतीप्रमाणे शिडी लावली, मला उतरवले आणि गोणपाटात गुंडाळून हातगाडीत टाकले. खिडकीवर आकडा तेवढा राहिला. पोलीस वर चढले तेव्हा शिंपी मशीनच्या मागे लपून बसला होता. त्याची बहीण, ताई, कपडे पोचवायला बाहेर गेली होती. ती परतली तेव्हा खोलीत कुणीच नव्हते.

चौकशी आयोग बसला. मी हॅलोमामाच्या दुकानाच्या माळ्यावर पडून होतो, पण खाली रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. एक तज्ज्ञ म्हणाला, दुसरा आवाज म्हणजे चौकाच्या कडेच्या गोदामाच्या भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी. दुसऱ्याने त्याला कोपरखळी मारली, "प्रतिध्वनी मागून येतो, साहेब. मूळ आवाजाच्या आधी पोचणारा प्रतिध्वनी तुमच्याकडेच मिळतो वाटतं!" चौकात पुन्हा बंदुका झाडून पाहिल्या, पण भोंग्यांशिवाय. मग ठरले, की खिडकीतूनही गोळी सुटली. ती सापडली नाही. सापडणार कुठून? आकडा मात्र सापडला. तो म्हणे बंदूक टेकवायला ठोकलेला होता.

शिंपी परोपरीने सांगत होता, की तिथे भोंगा होता, आवाज त्यातून आला. काही साक्षीदार म्हणाले, होते बुवा काहीतरी, पण पाटी होती की दिवा, ते आठवत नाही. ताईला विचारले, "तुम्ही भोंगा पाहिलात?"

"नाही. पण दादा होता म्हणतोय, म्हणजे होता."

सगळे हसले. शेवटी हॅलोमामाला बोलावले. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची बायको त्याला कळवळून म्हणाली, "खरं काय ते सांगा हो. माणूस हकनाक जाईल."

"आणि विचारलं, परवानगी नसताना नेमका त्याच्याच खिडकीवर का टांगलास? तर दुसरा दोर माझ्या गळ्यात पडेल. मग तू काय करशील?"

त्याची पाचावर धारण बसली होती. आयोगासमोर त्याने चार भोंगे सांगितले आणि शिंपी मारेकऱ्याचा साथीदार ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे तुम्ही म्हणीत वाचता. मी ती होताना ऐकली. ज्या दिवशी शिंप्याला फासावर चढवले, त्या दिवशी हॅलोमामा माळ्यावर आला, माझ्याकडे तोंड करून बसला आणि मग खाली गेला. त्यानंतर त्याने मला कधी पुसले नाही. मला गंज चढला. मला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती.

वर्षे लोटली. राज्यकर्ते बदलले आणि नेत्याच्या स्मृतिदिनी त्याच चौकात विद्वानांचा वाद ठेवला गेला. प्रतिध्वनी की दुसरी बंदूक? गर्दी तुडुंब होती. आता भोंगे मोजायला कुणी नव्हते. आयोजकांनी मागेही एक लावायला सांगितला आणि थकलेल्या हॅलोमामाने मला पुन्हा त्याच खिडकीवर टांगले. आत ताई मशीनवर बसली होती. तिने मान वर केली नाही.

मग एक विद्वान तावातावाने बोलू लागला. "खिडकीवर भोंगा होता, ही आरोपीची निव्वळ थाप होती!" हे वाक्य, मित्रांनो, मला माझ्याच तोंडाने खणखणीत म्हणावे लागले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माणसे मी खूप पाहिली, पण ती जीभ मीच असावी याची मला लाज वाटली. जोर चढून त्याने माईकवर हात आपटला. धाड! मागच्या सगळ्या माणसांनी दचकून मंचाकडे नव्हे, खिडकीकडे वर पाहिले. शेकडो चेहरे. ताईचे पाय मशीनवर थांबले.

सभा संपली, चौक रिकामा झाला. हॅलोमामा रीतीप्रमाणे आधी माझ्यासाठी शिडी चढला. खाली ताई येऊन उभी राहिली.

"मामा, त्या दिवशी हा इथंच होता ना?"

त्याने मला सोडवायला घातलेला हात मागे घेतला. म्हणाला, "हो, ताई."

"मग तिथं जाऊन सांगा. माईकवर."

"आता कोण आहे ऐकायला? सगळे गेले."

"मी आहे."

तो खाली उतरला. सगळा चौक ओलांडून मंचावर गेला. या वेळी त्याने 'हॅलो' म्हटले नाही. "भोंगे पाच होते," तो म्हणाला. "पाचवा शिंपीदादाच्या खिडकीवर होता. मी लावला होता." मी तेवढे बोललो आणि त्यानंतर पुन्हा कधी बोललो नाही. ताईने मला त्याच्याकडून मागून घेतले.

मित्रांनो, माझा गंज काढू नका, मला रंगही नको. दोन माणसे एकाच गोष्टीचे दोन प्रकार सांगू लागली, तर त्यातल्या एकाला लगेच खोटे ठरवू नका. तो जिथे उभा होता, तिथे जाऊन जरा उभे राहा. एवढे कुणी केले असते, तर या खोलीत आज दोन माणसे असती.

त्या संध्याकाळी ताई माझ्या खालीच उभी होती. तिचा भाऊ निर्दोष असल्याचे तिला दोनदा ऐकू आले. आधी माझ्या तोंडून आणि मग हॅलोमामाच्या, रिकाम्या चौकातून हवेवर चालत आलेल्या आवाजात.