फॉर्मॅलिनमधले अकरा दिवस

१९४३च्या चैत्रात इरम्मा आपल्या सुनेला, शरणम्माला, घेऊन उमरग्याच्या दवाखान्यात आली. मी तिथली डॉक्टर. अकरा दिवसांपूर्वी माझ्याच टेबलावर शरणम्माचा पाचव्या महिन्यातला गर्भ गेला होता. हा तिसरा.

"एवढं कागदावर लिहून द्या, डाक्टरीणबाई," इरम्मा बसायच्या आधीच म्हणाली. "हिच्या पोटी माणसाचं पोर ठरत न्हाय. माझ्या सोमलिंगाचं दुसरं लगीन लावायचंय."

"असं नाही लिहिता येत."

"का न्हाय? दोन खेपा म्या सोत्ता सुईणीजवळ बसून बघितलंय. नुसतं रगत! आमच्या म्हशीला बी हिच्यापरीस अक्कल हाय."

शरणम्मा खाली बघत होती. "या खेपेला काय व्हतं?" तिनं हळूच विचारलं. "मला कुणी दाखवलंच न्हाय."

त्या दिवशी घरच्यांनी 'टाकून द्या' म्हटलं होतं. मी टाकलं नव्हतं; काचेच्या बरणीत ठेवलं होतं. एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. लढाईमुळं औषध मिळत नव्हतं; बाटलीत होतं तेवढं सगळं वापरलं. हैदराबादच्या कॉलेजला नमुना पाठवायचा होता. आईला विचारावं हे मला सुचलंही नव्हतं.

मी कपाट उघडलं आणि बरणी खिडकीत ठेवली.

दोघी खिडकीपाशी आल्या. आमच्याकडच्या उन्हात इतकं कोवळं मांस संध्याकाळपर्यंत टिकत नाही. फॉर्मॅलिन ते आतून घट्ट करतं, जसं आलं तसं धरून ठेवतं. रंग तेवढा उतरला होता. बाकी सगळं होतं. कानाची पाळी, मिटलेल्या पापण्या, त्यांच्यावर भुवयांची पुसट रेघ. मी हे पुस्तकात शिकले होते. तरी टेबलावरचं भिंग घेऊन मी पुन्हा एकदा पाहिलं. मग ते शरणम्माला दिलं.

ती बोटं मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"आत्याबाई, नखं हायत. तळहातावर रेघा बी हायत."

इरम्मानं भिंग ओढून घेतलं. एकदा वरून पाहिलं, मग गुडघे टेकून समोरून.

"शिवशिवा," ती म्हणाली. "बसलंय हे."

"पोटात असंच असतं. पाय जवळ घेऊन."

"आमा लिंगायतांचं माणूस गेलं, की मातीत असंच बसवत्यात." आपल्या कपाळावरची विभूती तिनं बोटानं पुसली आणि काचेवर, त्या इवल्या कपाळासमोर, ओढली. "पोरगा का पोरगी?"

"मुलगी."

"नेऊ का आमी हिला?" शरणम्मानं मला विचारलं. आवाज आता खालचा नव्हता.

कॉलेजच्या पत्त्याचं लेबल मी नखानं सोलून काढलं. "न्या. तुमचीच आहे."

इरम्मा उठून दारात गेली. बाहेर तिचा मुलगा बैलांना वैरण घालत होता.

"सोमलिंग," तिनं हाक मारली, "वहाणा काढून आत ये. लेक बघ तुझी."