सगळ्यांना तेच प्रश्न

रुग्णालयात आता प्रत्येक रुग्णाला वजन-आहाराचे तेच ठरलेले प्रश्न विचारायचे होते. तीस वर्षं आहारतज्ज्ञ असलेल्या ताईंना ते पटेना. "माणूस बघितला की मला कळतं," त्या म्हणायच्या. तरी नाइलाजाने त्यांनी नुकत्याच दाखल झालेल्या गुबगुबीत शिंपीकाकांना विचारलं, "अलीकडे वजन उतरलंय का?"

काका ओशाळले. "तीन महिन्यांत दोनदा पँट आवळून शिवली. घास गिळताना दुखतं. पण मला बघून कोण विश्वास ठेवणार?"

ताई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सगळे प्रश्न नीट विचारले. त्याच दिवशी डॉक्टरांनी घसा तपासला, औषध आणि मऊ आहार सुरू झाला.

"त्या प्रश्नांचे कोरे फॉर्म दे गं," ताई धाकट्या सहकारिणीला म्हणाल्या. "सकाळी ज्यांना नुसतं बघून मी पुढे गेले, त्यांच्याकडे परत जाते."

पंधरा दिवसांनी काका पोटभर जेवून घरी गेले.