तपासणीच्या दिवशी कपाटात

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी बादली आहे. हसू नका. बादलीला सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण मी दुसरीच्या एकाच वर्गात बावीस वर्षे काढली आहेत. तुमच्यातला सर्वात ढ मुलगाही एवढा नापास झाला नसेल.

मी फोर्ट हॅरल्सन या लष्करी तळावर आले ती जवानांच्या भोजनगृहात, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या घेऊन. काकड्या संपल्या, तेव्हा तळावरच्या प्राथमिक शाळेची साफसफाई आणि डागडुजी बघणारे डेलबर्ट पकेट मला मागून घेऊन गेले. वर्गाच्या छतावर एक तपकिरी डाग होता. त्याखाली मला ठेवून ते म्हणाले, "दोन आठवडे कळ काढ. छप्पर दुरुस्त झालं की सुटलीस."

त्यांच्याकडे राग धरण्यात अर्थ नाही, कारण त्यांनाही तसेच सांगितले गेले होते. जमीन फौजेची आणि शाळा जिल्ह्याची. छपराचा विषय निघाला की फौज जिल्ह्याकडे बोट दाखवी, जिल्हा फौजेकडे. गळती मात्र कोणाची परवानगी न घेता नेमाने माझ्याकडे येई. सुरुवातीला माझे कौतुकही झाले. मुले पडणारे थेंब मोजून बेरीज शिकली. पुढे डाग वाढले, भिंतींवर काळी बुरशी चढली आणि शाळेत आम्ही अकरा बादल्या झालो. मग कौतुक संपले. लोक आम्हाला नुसते ओलांडून जाऊ लागले.

माझ्या शेजारच्या बाकावर कोरिन ट्यूएल बसायची. तिला दमा होता. बुरशीने तिची छाती घरघरायची आणि ती दप्तरातला पंप काढून ओढायची. यंदाच्या हिवाळ्यात तिला दोनदा इस्पितळात न्यावे लागले. त्या पोरीला कोरडा वर्ग हवा होता, बाकी काही नाही.

आणि तो मिळण्याची वेळ आली! तळांवरच्या शाळा नव्याने बांधायला राजधानीतून निधी येणार होता. माणसे येऊन प्रत्येक शाळा बघणार आणि सर्वात वाईट शाळेला सर्वात आधी पैसे देणार. पकेट खूश झाले. "आयुष्यात पहिल्यांदाच नापास व्हायचंय," ते म्हणाले, "आणि आपली तयारी बावीस वर्षांची आहे!"

पण ही माणसे येणार असे कळवणाऱ्या पत्रात 'तपासणी' असा शब्द होता. मित्रांनो, फौजेच्या वस्तीत हा शब्द उच्चारला की माणसांचे हात आपोआप बुटांच्या पॉलिशकडे जातात. आदल्या शनिवारी कोरिनचे वडील, सार्जंट वेंडेल ट्यूएल, वीस पालकांना घेऊन हजर झाले. छताला खालून लावलेले पुठ्ठ्याचे डागाळलेले चौकोन बदलले. बुरशीवर पांढरा रंग फासला. फरशीत तोंड दिसू लागले.

"सार्जंट, बादल्या तेवढ्या राहू द्या हो," पकेट म्हणाले.

"राहू द्या? पाहुण्यांसमोर आपली अब्रू काढायची? चोवीस वर्षांत एक तपासणी हरलो नाही मी, पकेट!"

"अहो, ही हरायचीच आहे! जो हरेल त्याला शाळा मिळणार."

"हरायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलं नाही," सार्जंट म्हणाले. सगळे हसले. मुख्याध्यापिकांनी डोनट वाटले. हरण्यातच फायदा आहे हे त्यांना कळत होते, पण चकचकीत शाळा कोणाला आवडत नाही? आम्हा अकरा जणींना एकीत एक घालून वर्गातल्या कपाटात कोंडले.

सोमवारी लख्ख ऊन होते. दाराच्या फटीतून मला सगळे ऐकू येत होते.

"इमारत जुनी, पण किती छान ठेवलीय!" एक साहेब म्हणाला. "बाळ, तुला तुझा वर्ग आवडतो का?"

"हो, सर," कोरिन म्हणाली. साहेबांपुढे तक्रार करायची नाही, हे तिला घरी शिकवलेले होते. ताज्या रंगाच्या वासाने तिला खोकल्याची उबळ आली. बाई घाईने म्हणाल्या, "थोडी सर्दी झालीय तिला."

आमच्या शाळेला 'स्थिती बरी' असा शेरा मिळाला. यादीत आम्ही इतके मागे गेलो की निधी आमच्यापर्यंत आलाच नाही. आठ दिवसांनी पाऊस झाला, नवे चौकोन भिजून कोसळले आणि पकेटनी कपाट उघडले. त्याच आठवड्यात कोरिनला तिसऱ्यांदा इस्पितळात नेले. या इमारतीत पुन्हा पाठवू नका, असे डॉक्टरांनी बजावले.

तिची वह्यापुस्तके न्यायला सार्जंट आले. मी काठोकाठ भरले होते. त्यांनी मला उचलले, मोरीत रिकामे केले आणि पुन्हा जागेवर ठेवले. "मी त्यांना पत्र लिहितो," ते म्हणाले. "सगळं खरं लिहितो."

"लिहा की," पकेट म्हणाले. "बावीस वर्षं आम्हीही लिहितोय. फक्त आता त्यांच्याकडे तुमच्या पांढऱ्या भिंतींचे फोटो आहेत."

लेकीचे दप्तर छातीशी धरून सार्जंट निघून गेले. तिच्या बाकावरही आता गळते. बाक हलवून तिथे माझी एक बहीण ठेवली आहे.

मित्रांनो, मला तुमची दया नको. एवढेच करा. कोणी तुमची शाळा बघायला आले, तर मला कपाटात कोंडू नका. भरलेली असेन तशी वाटेत ठेवा, आणि साहेबांचा बूट माझ्यात बुडाला तर माफी मागू नका.